लाल गाडी, माझं लाटणं आणि हौश्या-गवश्या

आमच्या गाडीत दोनच माणसं मावतात, आणि तीही बसत नाहीत, आडवी होतात.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण आमच्या दारात लाल गाडी आहे असं कळलं की लोक म्हणतात, "काकू, अंबाजोगाईला निघालाच आहात तर आमाला बी न्या." कुठं नेऊ? मांडीवर? गाडी इतकी ठेंगणी की दार उघडून आत जायचं म्हणजे विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं वाटतं. माझे गुडघे आत जाताना कुरकुरतात आणि बाहेर येताना भांडतात. मागं सीट नाही. डिकीत एक पिशवी मावते, तीही मेथीची असली तर. वरचं छप्पर कापडाचं आहे, ते घडी घालून मागं गुंडाळून ठेवता येतं. म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातल्या उन्हात उघड्या डोक्यानं फिरायची ज्याला हौस आहे, त्यानंच घ्यावी अशी गाडी.

ती घेतली आमच्या मालकांनी. (मालक म्हणजे माझे यजमान. नाव काय म्हणता? ते उखाण्यातच निघतं, आणि इथं ताटाभोवती रांगोळी नाही.) उभा जन्म त्यांनी बसडेपोच्या वर्कशॉपात काढला. सगळं आयुष्य बसखाली गेलं म्हणा ना! निवृत्त झाल्यावर लोक चार धाम करतात, कोंबड्या पाळतात, नाहीतर ओट्यावर बसून सुनांना सल्ले देतात. हे गेले पुण्याला एका मित्राच्या नातवाच्या बारशाला आणि येताना ही गाडी घेऊन आले. चार जणांच्या हातून फिरलेली, कुठल्याशा सोसायटीत झाडाखाली उभी राहून उदास झालेली, सीटवर मांजर व्यालेलं. पण मालकांनी तिचं इंजिन ऐकलं आणि बारसं विसरले. बाळाचं नाव काय ठेवलं ते त्यांना अजून सांगता येत नाही.

गाडी दारात आली तेव्हा पहिल्यांदा माझे धाकटे दीर आले. त्यांना सगळे बापू म्हणतात, मी बापूभावजी म्हणते. शेजारीच राहतात, आणि त्यांचा जीव त्यांच्या बैलजोडीत, हौश्या आणि गवश्यात. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, बाजारात जनावर बघतात तशी. वाकून खाली बघितलं. मग म्हणाले, "दादा, हिला नांगर कुठून जुपायचा?"

"आरं, दीडशे घोड्यांची ताकद हाय हिच्यात!" मालक म्हणाले.

"मंग घोड्यांला चारा काय घालता?" भावजी म्हणाले, आणि हसत हसत गोठ्यात गेले.

पण खरं सांगू? गाडी घासून-पुसून, पॉलिश मारून उभी केली तेव्हा माझं सुद्धा मन हरखलं. वाळत घातलेल्या मिरचीसारखी लाल! सकाळी अंगण झाडताना मी तिच्याभोवती हळूच झाडायची, झोपलेल्या लेकराभोवती झाडतो तशी.

आता घोटाळा कुठं झाला ते सांगते. घोटाळा माझ्या तोंडात झाला.

आमच्याकडं लग्नाच्या दिवशी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो. त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोडी असायची. पण टप उघडणारी लाल गाडी गावात असताना घोडीकडं कोण बघतो? नवरदेवाला मागच्या बाजूला उंच बसवायचं, पाय सीटवर, फेटा आभाळात, सगळ्या गावाला दिसतो! पहिल्यांदा आमच्या गल्लीतला एक नवरदेव आला. त्याची आई म्हणाली, "काकू, परण्याला गाडी मिळंल का?" आणि मी म्हणाले, "न्या की!"

ही माझी सवय. कुणी लग्नासाठी पातेलं मागितलं, न्या की. सतरंजी मागितली, न्या की. पातेलं परत येताना पोचे घेऊन येतं आणि सतरंजी कधी कधी येतच नाही, हे ठाऊक असून न्या की! लग्नघराला नाही म्हणायचं, हे माझ्या जिभेला शिकवलंच नाही कुणी. मग काय, घाटनांदूरपासून युसूफ वडगावपर्यंत बातमी गेली. लग्नसराईत लोक आधी माझ्याकडं यायचे, मग भटजीकडं.

गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही म्हणून मालक स्वतः चालवायचे. आणि परण्या म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. मारुतीचं देऊळ हाकेच्या अंतरावर, पण पोचायला दुपारची संध्याकाळ होते. पुढं डीजे. डीजेमागं पोरं नाचतायत, पोरांमागं त्यांचे मामे नाचतायत. गाडी मुंगीच्या पावलानं. पाय उचलावा तर बंपर मामाच्या पिंढरीला लागतो. दाबून धरावा तर मागून आरोळी येते, "चला, चला!" मग क्लच ना धड दाबलेला ना धड सोडलेला, अर्ध्यावर धरून बसायचं. घरी आले की मालकांचा डावा पाय लटलट कापायचा.

"कशापायी होकार देतीस तू?" ते चिडायचे.

"नवरदेव हाय. त्याला काय न्हाई म्हणायचं?"

"आगं, क्लच जळतोय माजा! तुला कळतं का क्लच काय असतो?"

"कळायला काय झालं? डावीकडचं पायडल."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. स्वयंपाकघरात येऊन दोन ताटं घेतली. "हे ताट म्हंजी इंजिन. हे ताट म्हंजी गिअरबॉक्स. आन् मधी ही भाकर. दोन्ही ताटं भाकरीला घट्ट दाबून धरली की संगट फिरतात, गाडी पळती. पायडल दाबलं की ताटं सुटली. आता हाफ क्लच म्हंजी काय?" असं म्हणून त्यांनी मधली भाकर ताटांमध्ये अर्धवट धरून अशी काही चोळली की सगळा चुरा पोळपाटावर!

"कळलं?" ते म्हणाले.

"कळलं. आता दूध घालून तुमीच खावा ती," मी म्हणाले.

कळलं होतं, खरंच. पण दुसऱ्या दिवशी एक नवरीचा बाप दारात आला आणि जिभेनं ऐकलं नाही.

ह्यातच आमच्या मनूचं लग्न ठरलं. मनू म्हणजे आमची एकुलती एक लेक, आष्टीला शेतकी खात्यात नोकरीला. पोरगी शहाणी. तिनं कधी काही मागितलं नाही. लग्नाच्या याद्या करायच्या वेळी मी विचारलं, "मने, तुला काय पायजे ते सांग. शालू कसला? बांगड्या कसल्या?"

ती म्हणाली, "मला काही नको, आई. हळदीला मांडवात जायचं ते आप्पांच्या गाडीतून. आप्पा चालवणार, मी शेजारी. बास."

मालक तिथंच बसले होते. उठले, बाहेर गेले आणि गाडीचं बॉनेट पुसायला लागले. बॉनेट सकाळीच पुसलेलं होतं! दोन माणसांची गाडी, त्यात ती दोघं. माझी जागा नाहीच, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. (थोडं वाटलं. पण ते गुडघ्यांनी सांभाळून घेतलं.)

त्या दिवशी मालक मला म्हणाले, "आता एक बी परण्या न्हाई. मनूचं लग्न होऊस्तोवर गाडी दाराबाहेर काढायची न्हाई."

मी मान खाली घातली. कारण एक परण्या मी आधीच देऊन बसले होते.

तो परण्या निघाला भर उन्हात. मी देवळापाशी बायकांत उभी होते. देवळाच्या अलीकडं चढ आहे. चढाला गाडी लागली आणि मला वास आला. मी शेजारणीला म्हणाले, "कुणाचा तरी भात करपला बघ." तेवढ्यात इंजिन असं काही ओरडलं की डीजे गप्प झाला. इंजिन ओरडतंय, धूर निघतोय, आणि गाडी जागच्या जागी! वरती नवरदेव मुंडावळ्या सांभाळत विचारतोय, "काय झालं, आप्पा?" मालकांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि गर्दीत मला शोधलं. शोधलं आणि बघितलं. एवढंच. मला वाटलं, त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

नवरदेव पोरांच्या खांद्यावरून मारुतीला गेला. आणि आमची गाडी बापूभावजींच्या हौश्या-गवश्यानं ओढत घरी आणली. भावजी पुढं, हातात कासरा, मिशीला पीळ. रस्त्यानं जो भेटेल त्याला सांगत होते, "दीडशे घोडे दमले, म्हणून दोन बैल लावलेत!"

मालक आत बसून स्टिअरिंग फिरवत होते, गोरेमोरे झालेले. घरी आल्यावर मनूनं गाडीकडं बघितलं, मग बापाकडं. म्हणाली, "असू द्या आप्पा. जीप सांगू एखादी."

"जीप?" मालक म्हणाले. "माजी लेक भाड्याच्या जीपमधी मांडवात जाणार?" आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

लग्न तोंडावर आलेलं. घरात पापड, सांडगे, पाव्हणे, आणि अंगणात गाडीखाली माझा नवरा. पण गाडी एवढी ठेंगणी की खाली माणूस मावेना. जॅकवर चढवली तरी गिअरबॉक्स खाली उतरवायला जागा पाहिजे. डेपोत असतो तसा खड्डा हवा. आता खड्डा कुठला आणायचा?

खड्डा होता! घरामागं नवीन न्हाणीघराचा शोषखड्डा खणून ठेवलेला होता. कोरा, एकदाही न वापरलेला. (हे मी पुढं पाव्हण्यांना तीनदा सांगितलं.) मालकांनी दोन्ही काठांवर जाड फळ्या टाकल्या, गाडी ढकलत ढकलत अशी आणली की चाकं फळ्यांवर आणि पोट खड्ड्यावर. स्वतः शिडीनं खाली उतरले. पुढचे काही दिवस आमचे मालक त्या खड्ड्यातच राहायला होते म्हणा. चहा खाली, भाकरी खाली. मी काठावर पाटावर बसायची आणि नट खोलायचे पाने द्यायची.

"चौदाचा दे!"

मी द्यायची.

"आगं हा सतराचा हाय!"

"मोठाच हाय की. लहान कशाला पायजे?"

आणि एक सांगते, त्या माणसाचे हात बघण्यासारखे. वय झालं, चष्मा लागला, पण खड्ड्यात उताणं होऊन वरती न बघता बोटांनीच नट शोधायचे. मी डोळे झाकून डब्यातून जिरे-मोहरी काढते ना, तसं. उभा जन्म ह्या हातांच्या तेलकट डागांवरून मी भांडले, टॉवेलवरून, उशीवरून, दाराच्या कडीवरून. त्या दिवशी काठावर बसून बघत राहिले.

गिअरबॉक्स उतरवायला युक्ती काढली ती बघा. गिअरच्या दांड्याची जागा मोकळी करून त्या भोकातून कासरा खाली सोडला. बापूभावजी वर गाडीत पाय रोवून उभे, दोन्ही हातांत दोर, आणि हळूहळू गिअरबॉक्स खाली, आडातली घागर सोडावी तसा. दोघं भाऊ एकमेकांना शिव्या देत होते, पण दोर एकदाही निसटला नाही.

मग क्लचप्लेट निघाली. मला वाटलं होतं केवढी तरी असेल. निघाली थालीपिठाएवढी, आणि थालीपीठ तव्यावर विसरलं की होतं तशी! मालकांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "हे बघ. तुजे सगळे नवरदेव हाइत हिच्यात."

मी ती पदराला पुसून ओट्यावर ठेवली.

आता मला वाटलं, थालीपीठ बदललं की झालं. पण नाही! मालक म्हणाले, "उघडलंच हाय तर प्रेशर प्लेट बी बदलायची. बेरिंग बी बदलायचं. पायडलखालचा पंप पाझरतोय, त्येचे रबर बदलायचे." फ्लायव्हील म्हणून एक जड चकती असते, तिच्यावर तापून तापून निळे डाग पडलेले, ती अंबाजोगाईला लेथवर घासायला पाठवली. सामान पुण्याहून पार्सलनं आलं. मला ते "उघडलंच हाय तर" फार आवडलं. मीही लगेच म्हणाले, "खड्डा उघडलाच हाय तर न्हाणीघराची फरशी बी..." पण त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

सगळं आलं, आणि एक गोष्ट आली नाही. नवी प्लेट बसवताना ती बरोबर मध्यावर धरावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून आत जातच नाही. त्यासाठी एक अवजार मिळतं. ते पार्सलात नव्हतं.

आणि नेमकी त्याच दुपारी, न सांगता, आमची व्याही-विहीण आली!

बस्त्याचं काहीतरी विचारायला आली होती. व्याही म्हणजे मोठे बागायतदार, गावची सरपंचकी केलेले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, कडक इस्त्रीची पांढरी टोपी. विहीणबाई सुद्धा जरीकाठी. मी पळत पळत ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं, आणि पोळ्यांसाठी कणीक भिजवायला घेतली.

"पाव्हणे कुठं दिसंनात?" व्याही म्हणाले.

आता काय सांगणार? तुमचे व्याही शोषखड्ड्यात आहेत? सोयरीक टिकायला नको?

"शेतात गेलेत," मी म्हणाले. "लांबच्या रानात."

आणि त्याच वेळेला घरामागून, जमिनीच्या पोटातून, आवाज आला:

"आगंऽ! लाटणं आण! जाडं आण, बारकं नको!"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "रान लई जवळच हाय की वो तुमचं!"

व्याही उठलेच. पुढं व्याही, मागं लाटणं घेऊन मी, त्याच्यामागं विहीणबाई, अशी आमची वरात शोषखड्ड्याकडं निघाली. "कोरा हाय बरं का," मी म्हणाले, "वापरलेला न्हाई." व्याह्यांनी काठावर वाकून आत डोकावलं. आतून माझे मालक वर बघतायत, तोंड काळं, चष्म्याच्या काचा काळ्या, नुसते दात पांढरे. आणि गाडीच्या पोटातून एक थेंब सुटला आणि अलगद व्याह्यांच्या टोपीवर पडला. काळा. मधोमध.

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, मोडलं लग्न.

व्याह्यांनी टोपी काढली. डागाला बोट लावलं. बोट नाकाशी नेलं. म्हणाले, "गिअर आईल हाय व्हय?"

"व्हय," खड्ड्यातून आवाज आला.

"काय चाललंय?"

"क्लच बदलतोय. प्लेट मधात धरायला काय न्हाई, म्हणून लाटणं मागितलं."

"लाटण्याला चिकटपट्टी गुंडाळावी लागंल, भोकाच्या मापानं. मी ट्रॅक्टरला असंच केलतं." असं म्हणून त्या माणसानं धोतराचा काचा मारला आणि शिडीनं खाली उतरला! मी "आवो, पाव्हणे, आवो!" करते तोवर दोन्ही व्याही एका शोषखड्ड्यात! न्हाणीघर व्हायच्या आधीच खड्डा भरला!

माझं लाटणं शिसवीचं, माझ्या आईनं दिलेलं. ह्या लाटण्यानं किती पुरणपोळ्या लाटल्या त्याला गणती नाही. आणि आता त्याच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून ते गाडीच्या पोटात! पण सांगते, बसलं बाई. अगदी मापात. प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले. मग वरून भावजींनी कासरा ओढला, खालून दोन व्याह्यांनी खांदे लावले आणि गिअरबॉक्स वर चढला. चढला आणि बोटभर अलीकडं अडला.

"ढकला!"

"ढकलतोय की!"

"बापू, वढ!"

"वढतोय की! तुमीच खाली झोपलाव!"

शेवटी मालक म्हणाले, "गिअरमधी टाका आन् मागचा दांडा हळूच फिरवा." व्याह्यांनी फिरवला. आणि आतून 'खट्ट' असा आवाज आला. एवढासा. पण तो ऐकून खड्ड्यात दोन म्हातारी माणसं अशी हसली की जणू पोरगं झालं!

बोल्ट आवळले. सगळं बसलं. संध्याकाळ झाली होती. आणि मला आठवलं.

"लाटणं कुठं हाय?" मी विचारलं.

खड्ड्यात दोन माना एकमेकींकडं वळल्या.

"तुमच्याकडं दिलतं ना?" मालक म्हणाले.

"न्हाई बा. तुमीच काढलतं," व्याही म्हणाले.

"काढलतं का?"

"काढलतं की न्हाई?"

दोघांनी खिसे चाचपले. लाटण्यासाठी खिसे! मालकांनी कपाळाला हात लावला. "काढून आतच कुठंतरी टेकवलं आसंल," ते म्हणाले. "गिअरबॉक्स परत उतरवावा लागंल." भावजी वरून म्हणाले, "गाडी चालू करा, बघू तरी. आपोआप पोळ्या झाल्या तर बरंच हाय!" मालकांनी त्यांच्याकडं चौदाचा पाना फेकला. (की सतराचा. मला अजून कळत नाही.) आणि ते खड्ड्याच्या भिंतीला टेकून खाली बसले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण खांदे दिसत होते. मनू माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. "आवो, या की! पोळ्या गार व्हायलेत!"

आम्ही सगळे धावलो. विहीणबाई चुलीपुढं पाटावर बसलेल्या, जरीकाठी खोचलेली, शेजारी पोळ्यांची ही एवढी चळत, आणि हातात माझं लाटणं! म्हणाल्या, "खड्ड्याच्या काठाला पडलं हुतं. कणीक भिजवून ठिवलेली, तुमी सगळे खड्ड्यात. म्हणलं, आपुनच कराव्या. राखंनं घासून घेतलंय बरं का."

घासलं होतं, पण चिकटपट्टी तशीच होती. त्या दिवशीच्या पोळ्यांवर एका बाजूला बारीक नक्षी उमटली होती. सगळ्यांनी पोटभर खाल्ल्या. व्याही म्हणाले, "जरा आईलचा वास येतोय, पन गोड हाय." त्या क्षणी मला कळलं, माझी मनू बरोबर घरात पडली.

जेवण झाल्यावर गाडी खड्ड्यावरून काढली. मला आत आडवं केलं आणि मालक म्हणाले, "दाब पायडल." मी दाबलं. लोण्यात बोट जावं तसं गेलं! त्यांनी एक चक्कर मारली, चढावरून, पहिल्या दमात. आले, उतरले आणि मला म्हणाले, "आता परण्या मागाया देव आला तरी?"

"न्हाई म्हणीन," मी म्हणाले. आणि देवासमोर हात जोडून तसं म्हणालेसुद्धा.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळदीला मनू त्या गाडीतून मांडवात गेली. मी मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बायकांच्या घोळक्यात उभी, दांडा धरून. टप उघडा होता. तिचा पदर वाऱ्यावर, बापाच्या डोक्याला फेटा. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी गाडी अशी सोडली की आमची ट्रॉली मागंच राहिली आणि मला नुसता लाल ठिपका दिसत राहिला, आणि त्यातून पोरीचं हसणं ऐकू येत होतं. लहानपणी सायकलवर पुढं बसायची तेव्हा हसायची तसंच. मी मांडवापाशी पोचले तेव्हा मालक खाली उतरून तिच्या बाजूचं दार धरून उभे होते. डोळे पुसत नव्हते. चष्मा पुसत होते म्हणे!

इथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण दुपारी परण्याची वेळ झाली आणि फटाक्यांची माळ लागली. नवरदेवासाठी आणलेली घोडी बुजली, दावं तोडून ज्वारीच्या शिवारात पळाली. तिच्यामागं घोडीवाला पळाला. दोघंही परत येईनात. नवरदेव फेटा बांधून उभा. आणि व्याही माझ्यासमोर आले, हात जोडून. टोपी तीच होती, मधोमध पुसट डाग. नजर गाडीकडं.

"न्या की!" मी म्हणाले.

निघून गेलं! तोंडातून निघून गेलं! शेजारी मालक उभे होते. मी त्यांच्याकडं बघायचं धाडस केलं नाही. नवीन प्लेट, नवीन बेरिंग, घासलेलं फ्लायव्हील, सगळं माझ्या डोळ्यांपुढं करपायला लागलं. डीजे सुरू झाला. मामे हात झटकून तयार झाले.

मालकांनी एकदा गाडीकडं बघितलं. एकदा व्याह्यांच्या टोपीकडं. मग मान वळवून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी ते म्हटलं, जे ते जन्मात म्हणाले नसते.

"बापू! बैल आण!"

भावजींच्या तोंडावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. आले ते बैल सजवूनच घेऊन आले. पाठीवर झुली, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा. (बैलपोळ्याचा साज त्यांनी लग्नाला आणलाच होता. कशाला, ते विचारू नका. माणूस आशेवर जगतो!) गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद, पुढं हौश्या-गवश्या, वर नवरदेव, आणि स्टिअरिंगवर माझे मालक, हात ब्रेकवर, राजासारखे. डीजे थांबला की बैल थांबायचे. मामे पुढं सरकले की बैल सरकायचे. क्लचला कुणाचा पायही लागला नाही. असा परण्या आमच्या गावानं पाहिला नव्हता. लोक नवरदेवाचे फोटो सोडून बैलांचे काढत होते.

मनू सासरी गेली. घर रिकामं झालं. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या चुलतसासूच्या भाच्याचं लग्न निघालंय. "आई," ती म्हणाली, "त्यांनी परण्याला गाडी मागितली. माझ्या तोंडून निघून गेलं गं, 'न्या की' म्हणून."

फोनचा आवाज मोठा होता. मालकांनी ऐकलं. माझ्याकडं बघितलं. लेक कुणावर गेली ते दोघांनाही कळलं होतं. ते उठले, खुंटीवरचा कासरा काढला, गाडीच्या डिकीत ठेवला. (मावला!) मग म्हणाले, "इचार तिला, त्यांच्याकडं बैल हाइत का."

मी विचारलं. मनू म्हणाली, "नाहीत गं, आई."

शेजारच्या गोठ्यात भावजी हौश्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांना कशाचा काही पत्ता नव्हता.

"मग बापूकाकांचे न्या की!" मी म्हणाले.